माळावरचा कारखाना

नांदेडच्या बाजूस गोदावरीच्या काठाने किंवा लातूरच्या बाजूस मांजरेच्या खोऱ्यातून उन्हाळ्याच्या दिवसांत प्रवास केला, तर दोन्ही हातांना नांगरून पडलेली काळी राने दिसतात. ही जमीन कसदार खरी. पण उन्हाने तापली की ती दगडासारखी कठीण होते, आणि पावसाने भिजली की पायाला चिकटून येते. तिच्या पोटात हरळी आणि कुंदा ह्यांची मुळे खोलवर गेलेली असतात. लाकडी नांगराला चार-चार, कधी सहा-सहा बैल जुंपावे, कासरा ओढता ओढता माणसाने घामाघूम व्हावे, आणि एवढे करूनही कुंद्याची मुळी खालच्या खाली शाबूत राहावी, असा पूर्वीच्या शेतकऱ्यांचा अनुभव होता. ह्या कष्टांतून त्यांची बरीचशी सुटका केली ती लोखंडी नांगराने. तो नांगर आपल्या देशात, आपल्या माणसांच्या हातून घडावा म्हणून ज्या पुरुषाने आयुष्य वेचले, त्याचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. ह्या माणसाला नांगर घडवण्यापेक्षाही, नांगर घडवण्यासाठी चार भिंतींची जागा मिळवणे एकदा अधिक अवघड गेले होते. ती हकीकत ह्या पाठात सांगावयाची आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदांताचे अभ्यासक. घरात वातावरण पोथ्यापुराणांचे. मुलाचे लक्ष मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन फारसे रमले नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकावयास गेले, आणि तेथे एक विलक्षण अडचण पुढे आली. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नसे. ज्याला रंग ओळखू येत नाहीत त्याने रंगचित्रे कशी काढावी? दुसरा एखादा विद्यार्थी खट्टू होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी कुंचला बाजूस ठेवला आणि पट्टी व कर्कटक हाती घेतले. यंत्रांचे आराखडे काढण्याच्या विद्येत रंगांचे काम नव्हते. रेषा अचूक असली म्हणजे झाले. ह्या विद्येच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. मुलांना शिकवून झाले की ते तेथील यंत्रशाळेत रेंगाळत. लेथ कसा फिरतो, इंजिनातील वाफ दट्ट्याला कशी ढकलते, ओतलेल्या लोखंडात पोकळी का राहते, हे त्यांनी कोणत्याही परीक्षेसाठी नव्हे, तर केवळ आवडीने पाहून घेतले. अमेरिकेतून येणारी यंत्रविषयक मासिके ते वाचत. एक गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे की अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती.

त्या काळी सायकल ही मोठी नवलाची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली विकत घेऊन पाठवीत आणि त्यांचे वडील बंधू रामुअण्णा बेळगावात त्या विकत. लोकांना सायकलीवर बसावयास शिकवण्याचे कामही हे बंधूच करीत, आणि त्याची फी घेत. १८८८ हे ह्या उद्योगाचे आरंभवर्ष मानले जाते. पुढे मुंबईच्या संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. पेन्शनची नोकरी सोडून सायकली दुरुस्त करीत बसणारा हा मनुष्य त्या काळच्या सुशिक्षितांना वेडाच वाटला असला पाहिजे.

सायकलींच्या दुकानातून हळूहळू एक लहानशी कामशाळा उभी राहिली. एक लहान लेथ, भोके पाडण्याचे एक यंत्र, ती फिरवण्यासाठी एक छोटे इंजिन, असा तिचा पसारा होता. पहिला माल निघाला तो कडबा कापण्याच्या यंत्राचा. ज्वारीचा कडबा अख्खा टाकला तर जनावर पाला खाते आणि ताटे तुडवून वाया घालवते. बारीक तुकडे करून दिला तर सगळा पोटात जातो. दुष्काळी मुलखात ह्या एवढ्याशा सुधारणेची किंमत किती मोठी आहे हे मराठवाड्यातील मुलांना सांगावयास नको.

मग आला लोखंडी नांगर. १९०३ च्या सुमारास विलायती नांगराच्या धर्तीवर लक्ष्मणरावांनी आपला नांगर तयार केला, आणि तो विकावयास निघाले तर गिऱ्हाईक मिळेना. लोखंड जमिनीत घातले तर जमीन विषारी होईल, पीक जळेल, असे शेतकऱ्यांना वाटे. आज आपल्याला ह्या समजुतीचे हसू येते. पण ज्याचे सगळे वर्ष एका हंगामावर अवलंबून असते, त्याने नव्या अवजाराला भ्यावे ह्यात नवल काय? पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. ह्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी दोष गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर ढकलून दिला नाही. नांगर तपासला, शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकले, आणि धातू अधिक टणक व टिकाऊ कसा होईल ह्याचे प्रयोग चालू ठेवले. शेवटी शेतकऱ्याने नांगर रानात घालून पाहिला. जमीन विषारी झाली नाही. उलट तणाची मुळी उलथून उन्हात वाळली. एकाचे पाहून दुसऱ्याने नांगर नेला आणि मागणी वाढू लागली.

ज्या वेळी हे रोप जीव धरीत होते, त्याच वेळी त्याच्या मुळावर घाव आला. लक्ष्मणरावांची कामशाळा बेळगावच्या ठळकवाडी ह्या भागात होती. बेळगाव शहर वाढत होते, लोकांना राहावयास नवी घरे हवी होती, आणि नगरपालिकेने त्या बाजूस नवी वसाहत करण्याचे ठरवले. १९१० च्या आरंभी लक्ष्मणरावांना कळवण्यात आले की कामशाळेची जागा वसाहतीसाठी हवी आहे, तेव्हा ती खाली करावी.

हुकूम थोडक्यातला, पण त्याचा अर्थ केवढा मोठा होता हे पाहिले पाहिजे. वाण्याचे दुकान हलवावयाचे तर पोती गाडीत घालून दुसऱ्या पेठेत नेता येतात. कामशाळेचे तसे नसते. यंत्र जमिनीत पक्का पाया घालून बसवलेले असते; ते उपटले की पुन्हा समपातळीत बसवण्यास दिवसच्या दिवस लागतात. ओतकामाची भट्टी तर मुळीच हलवता येत नाही. ती मोडावी लागते आणि नव्या जागी पुन्हा बांधावी लागते. दरम्यान माल निघत नाही. घेतलेल्या मागण्या मात्र उभ्या असतात, कामगारांचे पगार उभे असतात, आणि शेतकऱ्याची नांगरट कोणासाठी थांबत नाही. लक्ष्मणरावांच्या गाठीस मोठे भांडवलही नव्हते. जे काही मिळे ते यंत्रांत आणि मालात गुंतलेले असे.

येथे नगरपालिकेवर नुसता रोष धरणे मला योग्य वाटत नाही. ओतशाळेच्या भट्टीतून धूर निघतो, ठिणग्या उडतात. हातोड्यांचा आवाज पहाटेपासून चालतो. अशा जागेला लागून कोणी घर बांधले, त्या घरात तान्हे मूल असले किंवा दम्याचे म्हातारे माणूस असले, तर त्याचे काय व्हावे? राहण्याची जागा आणि कारखान्याची जागा वेगळी असावी हा विचार मुळात चुकीचा नाही. जगभर शहरे ह्याच पेचात सापडली होती. इंग्लंडात १९०९ साली नगररचनेचा कायदा झाला. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराने १९१६ साली घरे कोठे, दुकाने कोठे आणि कारखाने कोठे ह्याचे विभाग नकाशावर आखून दिले. आपल्या मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ साली आला. म्हणजे लक्ष्मणरावांवर हा प्रसंग आला तेव्हा, कारखान्याने कोठून उठावे एवढे सांगणारी सत्ता होती; परंतु त्याने कोठे जाऊन बसावे हे सांगणारा नकाशा अजून कोणी काढलेला नव्हता. खरी अडचण येथे होती. उठवणाऱ्याने दुसरी जागा दाखवावी अशी रीत तेव्हा पडलेली नव्हती.

बेळगावाच्या आसपास जागा शोधावी, तर तेही सोपे नव्हते. लहान उद्योगाला जागा हवी ती कशी, ह्याचा थोडा विचार करा. ती स्वस्त हवी, कारण पैसा यंत्रांत गुंतलेला. ती रस्त्यापासून किंवा रेल्वेपासून दूर नको, कारण बीड आणि कोळसा गाडीने यावयाचा आणि नांगर गाडीने जावयाचे. बैलगाडीचे भाडे वाढले की नांगराची किंमत वाढलीच. पाणी हवे. कामगारांना राहावयास घरे हवीत. आणि ती जागा शेतीची असली, तर इंग्रजी मुलखात १८७९ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे तिचा बिनशेती उपयोग करण्यासाठी कलेक्टरची परवानगी काढावी लागे. ह्या सगळ्या गोष्टी जुळतील अशी जागा त्यांना मिळेना.

ह्या वेळी एक जुनी ओळख कामास आली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे नुकतेच, १९०९ साली, गादीवर आले होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, कलेचे मोठे भोक्ते होते, आणि लक्ष्मणरावांचा व त्यांचा स्नेह होता. लक्ष्मणरावांची अडचण त्यांच्या कानी गेली. आपल्या संस्थानात कारखाना काढा, असे त्यांनी सुचवले. आणि नुसते सुचवून ते थांबले नाहीत. कुंडल रोड नावाच्या रेल्वे स्टेशनाजवळची सुमारे ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी देऊ केले.

एका शहरात जी गोष्ट महिनोन्महिने हिंडून मिळाली नाही, ती दुसरीकडे एका शब्दाने मिळाली. संस्थानात राजाचा शब्द हाच परवाना होता. मुलांनी मात्र ह्यावरून असे समजू नये की राजाची मर्जी ही कायद्यापेक्षा बरी. मर्जी एकावर बसते तशी दुसऱ्यावरून उठतेही, आणि दाद मागावयास वरचे न्यायालय नसते. लक्ष्मणरावांचे भाग्य एवढेच, की त्यांना गाठ पडली ती एका गुणज्ञ राजाची. औंध हे संस्थान लहान आणि विखुरलेले होते. उत्पन्न बेताचे होते. त्या उत्पन्नातून एका सायकल दुरुस्त करणाऱ्या माणसाला दहा हजार रुपये बिनव्याजी देणे ही साधी गोष्ट नव्हती.

पण ती जमीन कशी होती? कुंडल रोडचा तो माळ म्हणजे दगडगोटे आणि निवडुंग. माणसाच्या उंचीची निवडुंगाची जाळी माजलेली, आणि त्या जाळ्यांत नागांची वस्ती. पाण्याची टंचाई. शेतीच्या उपयोगाचा नाही म्हणूनच तो माळ मोकळा राहिला होता. स्टेशन तेवढे जवळ होते. लक्ष्मणरावांनी माळ पाहिला आणि तो पत्करला. इतर सर्व उणिवा श्रमाने भरून काढता येतील, परंतु रेल्वे काही आपल्याला श्रमाने आणता येणार नाही, हा हिशेब त्यात होता, असे मला वाटते.

१९१० सालीच सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे ह्या माळावर आली. बेळगावसारख्या सोयीच्या शहरातून उठून नागांच्या माळावर संसार मांडावयाचा, हे त्या बायामाणसांना किती कठीण गेले असेल! धन्याचा धंदा हलला तर नोकराने दुसरा धनी पाहावा, हा व्यवहार. पण ही माणसे लक्ष्मणरावांबरोबर आली. त्यांतील काहींची नावे सांगितलीच पाहिजेत. रामुअण्णांनी आखणीचा आणि व्यवस्थेचा भार उचलला. शंभुराव जांभेकर हे यंत्रकामात तरबेज होते. मंगेशराव रेगे हिशेब ठेवीत. अनंतराव फळणीकर ह्यांचे शिक्षण अर्धवट राहिले होते, पण त्यांचा हात कामात चांगला बसलेला होता. के. के. कुलकर्णी हे पडेल ते काम अंगावर घेत. वस्तीच्या राखणीसाठी लक्ष्मणरावांनी कोणाला नेमावे? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ह्यांना. हे दोघे पूर्वी शिक्षा भोगून आलेले होते. ज्याच्यावर कोणी विश्वास टाकीत नाही त्याच्या हाती राखण द्यावी, हे धाडस पुष्कळांना भलतेच वाटले असेल. ह्या दोघांनी तो विश्वास राखला.

निवडुंग तोडला गेला, मुळे खणून काढली गेली, जमीन सपाट झाली. आता लक्ष्मणरावांपुढे कोरा कागद होता, आणि आराखडे काढण्यात तर त्यांचा हातखंडा होता. इंग्लंडात लिव्हर ह्या साबणाच्या कारखानदाराने पोर्ट सनलाइट येथे, आणि कॅडबरी बंधूंनी बोर्नव्हिल येथे, कारखान्यांशेजारी कामगारांची टुमदार गावे वसवली होती. तसे काही आपल्याकडे व्हावे अशी लक्ष्मणरावांची इच्छा होती. त्यामुळे ह्या माळावर नुसती यंत्रशाळा उभी न राहता एक गाव उभे राहिले. कारखान्याची जागा कोणती, घरांची कोणती, रस्ता कोठून जावा, मुलांची शाळा कोठे असावी, झाडे कोठे लावावीत, हे ठरवूनच बांधकामे होत गेली. बेळगावात घरे आणि कामशाळा एकमेकांच्या वाटेत आली होती. येथे ती दोन्ही एकाच माणसाने एकाच कागदावर मांडली.

त्या गावाचे काही नियमही होते. स्वच्छतेबद्दल लक्ष्मणराव फार कडक होते. आणि अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा तर त्यांचा निश्चयच होता. १९१० च्या सुमारास खेड्यापाड्यांतून पाणवठे वेगळे होते, बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या. एका कारखान्याच्या वस्तीत तो भेद मोडून काढणे हे निवडुंग तोडण्याहून पुष्कळ अवघड काम होते. निवडुंगाची मुळे निदान दिसतात.

ह्या गावाला किर्लोस्करवाडी असे नाव पडले. पुढे कुंडल रोड ह्या स्टेशनालाही तेच नाव मिळाले. तेथून नांगर डब्यांत भरून दूरदूरच्या मुलखात जाऊ लागले. कडब्याची यंत्रे होतीच. त्यांत उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप अशी भर पडत गेली. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले आणि परदेशी लोखंडाची व कोळशाची आवक मंदावली. दगडी कोळसा मिळेना तेव्हा लाकडी कोळशावर काम निभावण्यात आले. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी किल्ल्यांवर पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या तोफा भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. मराठ्यांच्या इतिहासात तोफांच्या पुष्कळ कथा आहेत. ही त्यांतली फारशी सांगितली न गेलेली एक.

१९२० साली ह्या उद्योगाची रीतसर कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव ह्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. आरंभी ते कारखान्याच्या मालाची आणि वस्तीची खबर देणारे छोटेसे पत्र होते. पुढे ‘किर्लोस्कर’ ह्या नावाने ते मराठीतील एक नामांकित मासिक झाले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव हे अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले. हरिहर, बंगळूर, पुणे अशा ठिकाणी नवे कारखाने निघाले. ह्या वाढीची हकीकत मोठी आहे आणि ती येथे सांगण्याचे कारण नाही.

एक प्रसंग मात्र वगळता येत नाही. १९४८ च्या जानेवारीत महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर उसळलेल्या दंगलींत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आगी लावण्यात आल्या. जो माळ अडतीस वर्षे खपून उभा केला होता, त्यावर पुन्हा राख पसरली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. जागा गमावण्याचा अनुभव त्यांना आयुष्यात दुसऱ्यांदा आला, आणि ह्या वेळी तो कोणत्याही नोटिशीशिवाय आला. कारखाना पुन्हा उभा करण्यात आला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.

आता आपल्या भागाकडे वळू. किर्लोस्करवाडी वसली तेव्हा नांदेड आणि लातूर ही दोन्ही ठिकाणे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. तेथे जमिनीसाठी १३१७ फसलीचा निराळा कायदा चाले. १९४८ साली ते संस्थान भारतात विलीन झाले. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. महाराष्ट्रासाठी १९६६ साली दोन महत्त्वाचे कायदे झाले. एक जमीन महसुलाचा आणि दुसरा प्रादेशिक नियोजन व नगररचनेचा. दुसऱ्या कायद्याने, लक्ष्मणरावांना जो नकाशा मिळाला नव्हता, तो काढण्याचे कर्तव्य नगरपालिकांवर टाकले. त्याला विकास आराखडा म्हणतात. घरांचा विभाग, व्यापाराचा विभाग, कारखान्यांचा विभाग, शेतीचा विभाग असे भाग त्यात रंगांनी दाखवलेले असतात. ह्याच सुमारास, १९६२ साली, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. कारखान्यांसाठी जमीन घ्यावयाची, तेथे रस्ते, पाणी आणि वीज न्यावयाची, आणि मग भूखंड पाडून ते उद्योजकांना द्यावयाचे, असे त्याचे काम आहे. नांदेडला आणि लातूरला ह्या महामंडळाची औद्योगिक क्षेत्रे आहेत.

आज नांदेडच्या एखाद्या तरुणाला स्वतःची कामशाळा काढावयाची असली, एक लेथ, एक जोडकामाचे यंत्र, दारे-खिडक्या आणि शेतीची अवजारे करण्याचा बेत असला, तर त्याने आधी यंत्र घ्यावे की आधी जागा पाहावी? पुष्कळ जण उत्साहाच्या भरात आधी यंत्र घेतात आणि मग पस्तावतात. आधी महानगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन आपला भूखंड आराखड्यात कोणत्या विभागात आहे ह्याचा दाखला घ्यावा. घरांच्या विभागातही थोडक्या विजेवर चालणारी, थोडक्या माणसांची लहान कामशाळा नियमांत बसू शकते. पण ओतकामाची भट्टी घालावयाची तर सहसा औद्योगिक विभागच गाठावा लागतो. जमीन शेतीची असेल तर बिनशेतीचा प्रश्न असतोच. त्याचे नियम मध्यंतरी पुष्कळ बदलले आहेत, म्हणून ते ऐकीव माहितीवर न ठेवता कचेरीत विचारावे. मग इमारतीचा नकाशा मंजूर करून घ्यावयाचा, बांधकाम त्याप्रमाणे करावयाचे, आणि ते पुरे झाल्यावर वापराचा दाखला घ्यावयाचा. भट्टी असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. ह्या पायऱ्या कंटाळवाण्या वाटतात हे खरे. कधी एका सहीसाठी चार खेपाही पडतात. परंतु ह्या कागदांपैकी प्रत्येकाच्या बदल्यात मालकालाही काही मिळत असते. यंत्राचा पाया एकदा घातल्यावर तो उपटण्याची पाळी सहसा येत नाही.

लातूरचा कोणी मुलगा पुढे-मागे रेल्वेने मिरजेकडे गेला, आणि तेथून पुण्याच्या गाडीत बसला, तर वाटेत किर्लोस्करवाडी हे स्टेशन लागते. ते आज सांगली जिल्ह्यात आहे. स्टेशनाबाहेर कारखाना आहे, वसाहत आहे, सावली देणारी झाडे आहेत. निवडुंगाचा तो माळ आता मनानेच पाहावा लागतो. आणि बेळगावात, ज्या रस्त्यावर किर्लोस्कर बंधू सायकली विकीत असत, त्या रस्त्याला किर्लोस्कर रोड असे नाव देण्यात आले आहे.